वर्कस्टेशन, गेमिंग लॅपटॉप की मॅकबुक प्रो: काम पाहून निवड

एन्व्हिडियाचं आरटीएक्स २००० एडा आणि जीफोर्स आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपमधली दोन्ही कार्डं एडी१०७ या एकाच चिपवर बनलेली आहेत. कुडा कोअर, म्हणजे चिपमधले हिशेब करणारे छोटे घटक, दोन्हींत ३०७२, मेमरी दोन्हींत ८ जीबी. वरच्या पायरीवरही तेच: आरटीएक्स ५००० एडा आणि जीफोर्स ४०९० यांत ९७२८ कोअर आणि १६ जीबी मेमरी. तरीही एडा नावाचं कार्ड असलेलं वर्कस्टेशन, म्हणजे व्यावसायिक कामासाठीचा लॅपटॉप (डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक किंवा थिंकपॅड पी), घ्यायला गेलं, की बिल बरंच फुगतं. हे जास्तीचे पैसे चिपचे नसतात. ते ड्रायव्हरचे (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), प्रमाणपत्राचे (यंत्र आमच्या सॉफ्टवेअरवर तपासलं आहे, ही सॉफ्टवेअर कंपनीची पावती), रॅमच्या जादा जागांचे आणि वॉरंटीचे असतात. या चार गोष्टी तुमच्या कामाला लागतात का, एवढंच आधी ठरवायचं.

पुण्याजवळच्या चाकण-भोसरीतल्या कारखान्यांसाठी डिझाइनचं काम करणाऱ्याला बहुधा लागतात. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या (कॅड) सॉफ्टवेअरमध्ये जीफोर्स कार्डावर रिअलव्ह्यूचं, म्हणजे मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारं, बटण राखाडीच राहतं. एनएक्स, कॅटिया, क्रिओ या कॅड सॉफ्टवेअरांत कडांसकट शेडेड मॉडेल फिरवताना प्रोफेशनल ड्रायव्हर ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीच्या ज्या वाटा मोकळ्या ठेवतो, त्या जीफोर्सच्या ड्रायव्हरमध्ये तितक्या मोकळ्या नसतात. मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) वळवली की हा फरक हाताला जाणवतो. खरा मुद्दा मात्र सपोर्टचा आहे. लायसन्सचं वार्षिक मेंटेनन्स भरूनही ग्राफिक्स बिघडल्याची तक्रार केली, की पहिला प्रश्न कार्ड आणि ड्रायव्हरचा येतो. यादीत नसलेलं कार्ड असेल तर गाडी तिथेच अडते. हे प्रमाणपत्र लॅपटॉपचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि ड्रायव्हरची आवृत्ती अशा तिघांच्या जोडीला मिळतं. विंडोज अपडेटने गुपचूप नवा ड्रायव्हर टाकला, तर महागडं वर्कस्टेशनही यादीबाहेर जातं. म्हणून प्रमाणित ड्रायव्हर टाकल्यावर विंडोजचे आपोआप येणारे ड्रायव्हर अपडेट बंद करून ठेवा.

मोठं कार्ड घेतलं म्हणून मॉडेल लवकर रीबिल्ड होईल (बदलानंतर पुन्हा घडेल), असं मात्र नाही. फीचर ट्रीमधली फीचर्स (मॉडेल घडवण्याच्या पायऱ्या) एकामागून एक मोजली जातात, त्यामुळे ते काम बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. इथे जास्त बूस्ट क्लॉकचा (कमाल वेगाचा) प्रोसेसर घ्यावा आणि कार्ड मधलं ठेवावं. अ‍ॅन्सिससारख्या ताण-ताकद तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामाला तर कार्डाचा भरवसा आणखी कमी. डबल प्रिसिजनचा (जास्त अंकांच्या अचूक हिशेबाचा) वेग या चिपांत सिंगलच्या १/६४ इतकाच असतो, मग नाव जीफोर्स असो की प्रोफेशनल. स्ट्रक्चरल सॉल्व्हरला (हे हिशेब सोडवणाऱ्या भागाला) हवी असते रॅम. समीकरणांचं मॅट्रिक्स रॅममध्ये मावलं नाही की सॉल्व्हर एसएसडीवर लिहायला लागतो आणि तासाचं काम रात्रभर रेंगाळतं. ६४ जीबीपासून सुरुवात करा आणि पुढे वाढवायला जागा आहे का ते पाहा. थिंकपॅड पी१६, झेडबुक फ्युरी यांसारख्या जाड मॉडेलांत रॅमचे चार स्लॉट मिळतात, गेमिंग लॅपटॉपमध्ये सहसा दोन. पण चारही भरले की डीडीआर५ रॅमचा वेग खाली येतो. म्हणून ६४ जीबी पुरणार असतील तर ३२च्या दोन पट्ट्या घ्या, १६च्या चार नकोत. एकच पट्टी टाकून दिलेला लॅपटॉप तर घेऊच नका, मेमरीची बँडविड्थ अर्धी होते. इंटेलच्या पी (वेगवान) आणि ई (हळू, कमी वीज खाणाऱ्या) अशा मिश्र कोअरांवर सॉल्व्हरला फक्त पी-कोअरांएवढी संख्या द्या. काम सगळ्या कोअरांत समान वाटलं जातं आणि हळू कोअरसाठी वेगवान कोअर थांबून राहतात.

आर्किटेक्ट आणि इंटिरिअरवाल्यांचं गणित वेगळं. रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स विंडोजवरचीच सॉफ्टवेअर, त्यामुळे मॅकबुक इथेच बाद. (ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण ती विंडोजच्या आवृत्तीइतकी भरलेली नाही.) रेव्हिटला जीफोर्स पुरतं. एन्स्केप, ल्युमिअन, ट्विनमोशन या रेंडर करणाऱ्या (खऱ्यासारखं चित्र काढणाऱ्या) सॉफ्टवेअरांना हवी असते ग्राफिक्स मेमरी. झाडं, गवत आणि ४के टेक्स्चर घातले की ८ जीबी बघता बघता भरते, मग दृश्य अडखळतं किंवा रेंडर मध्येच बंद पडतं. त्यामुळे या मंडळींनी गेमिंग लॅपटॉपच घ्यावा, फक्त ८ ऐवजी १२ किंवा १६ जीबीचा. फसगत होते ती इथे: जीफोर्स ४०६० आणि ४०७० या लॅपटॉप कार्डांत मेमरी ८ जीबीच आहे आणि ५०७० मध्येही तितकीच. १२ जीबी हवी तर ४०८० किंवा ५०७० टीआयपर्यंत जावं लागतं.

व्हिडिओवाल्यांनी आपला कॅमेरा काय रेकॉर्ड करतो ते आधी तपासावं. लग्नाचं शूटिंग आता बऱ्याचदा १० बिट ४:२:२ एच.२६५ या रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या प्रकारात असतं. हा प्रकार हार्डवेअरवर उलगडण्याची सोय एन्व्हिडियाने ५० मालिकेपासून दिली. त्याआधीचं ४०९० सुद्धा इथे उपयोगी पडत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंक या व्हिडिओसाठीच्या भागात ही सोय ११व्या पिढीपासून आहे, अ‍ॅपलच्या एम मालिकेतही आहे. त्यामुळे एएमडी प्रोसेसर आणि ४० मालिकेचं कार्ड ही जोडी कागदावर तगडी दिसली, तरी टाइमलाइनवर रडते. मॅकबुक प्रोचं पारडं जड होतं ते इथेच. प्रोरेस या संकलनात वापरल्या जाणाऱ्या व्हिडिओ प्रकारासाठी वेगळा एन्कोडर आहे आणि एकच मेमरी प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांना मिळते. अडचण एवढीच, की रॅम आणि एसएसडी नंतर वाढवता येत नाहीत. विकत घेतानाच पाच वर्षांचा विचार करावा लागतो आणि अ‍ॅपलचा वाढीव रॅमचा दर पाहून घाम फुटतो.

बॅटरीवर मॅक साधारण प्लगवर देतो तेवढाच वेग देतो. विंडोजच्या जाड यंत्रांत असं होत नाही. विमानात विनापरवानगी नेता येईल इतकी बॅटरी म्हणजे १०० वॅट-तास, त्यामुळे मोठ्या बॅटऱ्याही ९९ च्या आसपासच थांबतात. कार्ड आणि प्रोसेसर मिळून २०० वॅट खाऊ लागले, तर ही बॅटरी अर्धा तासही टिकणार नाही. म्हणून प्लग काढताच यंत्र स्वतःच वेग बराच खाली आणतं. देखभालीसाठी गुरुवारी वीज गेली की फाइल वाचते, रेंडर मात्र गोगलगायीच्या चालीने चालतं.

एकाच नावाचं कार्ड दोन लॅपटॉपमध्ये सारखं काम करेल याचीही खात्री नाही. ४०७० ला उत्पादक ३५ ते ११५ वॅटपर्यंत कितीही देऊ शकतो. पातळ, देखण्या यंत्रात आकडा खालचा असतो. एन्व्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते, ती दुकानातच बघा. जोडीला सिनेबेंच ही वेग मोजणारी चाचणी सलग १० मिनिटं चालवा. पहिल्या फेरीचा आकडा विसरा, शेवटचा बघा. दुकान एसीत असतं. एप्रिलमध्ये पारा ४० वर गेला की घरातल्या टेबलावर हा आकडा आणखी खाली येतो.

दुचाकीवरून हिंजवडीला जाणाऱ्यांसाठी वजनही कमी महत्त्वाचं नाही. अडीच किलोच्या यंत्राबरोबर २३० वॅटचा विटेएवढा अ‍ॅडॉप्टर येतो. त्याहून मोठा त्रास स्लीपचा आहे. झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला, तर आधुनिक स्टँडबायमध्ये (विंडोजची पूर्ण न झोपणारी झोप) तो मधेच जागा होतो आणि बंद बॅगेत तापतो. वाकडला सिग्नलवर पाठ भाजली तर दोष उन्हाचा नसतो. पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटण्याला हायबरनेट (काम एसएसडीवर ठेवून यंत्र पूर्ण बंद) लावा.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत अर्थिंग नसतं. धातूच्या बॉडीवर हात ठेवताच मुंग्या येतात, ती अ‍ॅडॉप्टरच्या फिल्टरमधून झिरपणारी वीज असते. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग हाच त्यावर उपाय.

वॉरंटीत वर्कस्टेशन पुढे. त्याला बहुधा तीन वर्षांची ऑनसाइट सेवा असते, म्हणजे इंजिनिअर तुमच्या दारात येतो. गेमिंग लॅपटॉपला अनेकदा एकच वर्ष आणि यंत्र घेऊन सर्व्हिस सेंटरला तुम्ही जायचं. दिवस बुडाला तर किती पैसे बुडतात ते मांडून बघा. जीएसटी नोंदणी असेल तर बिल व्यवसायाच्या क्रमांकावर घ्या. १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, शिवाय संगणकावर ४० टक्के घसारा लागतो. खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्माच.

बजेट तोकडं असेल तर आयटी कंपन्यांतून निघालेली जुनी प्रिसिजन आणि झेडबुक पुण्यात सहज मिळतात. जड कॅडसाठी नव्या स्वस्त गेमिंग लॅपटॉपपेक्षा ती कधीकधी बरी. पण इंटेलच्या ८व्या पिढीच्या आधीचं घेऊ नका, त्यांतल्या जवळपास सगळ्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. क्वाड्रो पी मालिकेचं कार्डही टाळा. ती एन्व्हिडियाच्या ५८० नंतरच्या ड्रायव्हर शाखांतून बाहेर पडली आहे. बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) पासवर्ड नाही ना, ते पाहा. यंत्र सपाट टेबलावर ठेवा. टचपॅड उचललेला वाटला किंवा तळ डुगडुगला तर बॅटरी फुगली आहे, ती बदलून मिळेपर्यंत पैसे देऊ नका.