मैदानावरचा स्टॉल: ठोक भाडं की विक्रीतला टक्का?

मंदीत स्टेडियम रिकामं दिसेलच असं नाही. तिकीट आधीच काढलेलं असतं. कात्री लागते ती आतल्या खर्चाला: चौघांचं कुटुंब चारऐवजी दोनच कोल्ड्रिंक घेतं, पोरांना पॉपकॉर्न मिळतं आणि मोठी माणसं घरी जाऊन जेवतात. त्यामुळे "मॅच हाउसफुल आहे" हे आयोजकाचं वाक्य ऐकून स्टॉलचा सौदा करू नये. प्रश्न माणसं किती येणार हा नसून माणशी किती खर्च होणार हा आहे.

सौदे साधारण दोन तऱ्हेचे असतात. एक, सामन्यामागे ठोक भाडं. दुसरा, विक्रीवर टक्का, आणि त्याला बहुधा किमान हमी, म्हणजे विक्री कमी झाली तरी द्यावीच लागणारी रक्कम, जोडलेली.

उदाहरणादाखल भाडं ४०,००० रुपये आणि टक्का २५ धरू. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि ५ टक्के दराने खाणं विकणाऱ्याला त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणजे खरं भाडं ४७,२०० आणि खरा टक्का २९.५. कच्चा माल आणि पॅकिंग विक्रीच्या ४० टक्के, माणसं, टेम्पो आणि वीज मिळून १२,००० धरले, तर एका सामन्याला हाती उरतं ते असं:

विक्री ८०,०००: ठोक भाड्यात ११,२०० तोटा, टक्क्यात १२,४०० नफा.
विक्री १,२६,०००: ठोक भाड्यात १६,४०० नफा, टक्क्यात २६,४३०.
विक्री २,२०,०००: ठोक भाड्यात ७२,८०० नफा, टक्क्यात ५५,१००.

दोन्ही सौदे बरोबरीत येतात ते १,६०,००० च्या विक्रीला. काढायची रीत सोपी: भाड्याला टक्क्याने भागा, जीएसटी दोन्हीकडे सारखाच असल्याने तो कटतो. मागच्या हंगामातल्या सरासरी विक्रीतून तीस टक्के वजा करा. उरलेला आकडा या रेषेच्या खाली येत असेल, तर टक्काच घ्या. आयोजक ठोक भाड्यासाठी फारच आग्रह धरत असेल, तर त्यालाही गर्दीचा भरवसा नाही असं खुशाल समजावं.

टक्क्यातही मेख आहे, आणि ती करारात बारीक अक्षरात असते.

पहिली किमान हमी. ३०,००० ची हमी असेल, तर १,२०,००० च्या खालच्या विक्रीला तुम्ही ठोक भाडेकरूच. हमी पूर्ण हंगामाची एकरकमी नको. सामन्यागणिक हवी, आणि गेटवर स्कॅन झालेल्या तिकिटांशी जोडलेली. सामना रद्द झाला किंवा हलवला तर हमी शून्य, हेही लिहून घ्या. २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने १ मेनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर गेले होते. २०१८ मध्ये उलट झालं, चेन्नईचे सामने ऐनवेळी पुण्याजवळच्या गहुंजेला आले. म्हणून वाढीव सामन्यांचा दरही आधीच ठरलेला बरा.

दुसरी मेख एमआरपीची, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. आइस्क्रीमच्या कपावर किंवा वेफर्सच्या पाकिटावर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. विक्रेत्याला त्यात सुटतात फार तर वीस टक्के, आणि आयोजकाला द्यायचे साडेएकोणतीस! प्रत्येक पाकिटामागे खिशातून पैसे जातात. पॅकबंद मालासाठी ८ ते १० टक्क्यांचा वेगळा दर मागा, नाहीतर तो माल ठेवूच नका. ठोक भाड्यात ही भानगड नसते. तुमचा धंदा मुख्यतः पॅकबंद मालाचा असेल, तर वरचं गणित बाजूला ठेवून भाड्याकडेच झुका.

तिसरी, पैसा कुणाच्या खात्यात जातो. टक्केवारीत आयोजक स्वतःचा क्यूआर लावायला सांगतो आणि तुमचा वाटा महिना-दीड महिन्याने देतो. तेवढे दिवस तेल, बटाटा, पाव उधारीवर, आणि मंदीत उधारी मिळत नाही. क्यूआर आपला ठेवा, रोज रात्री बिलिंग मशीनचा दिवसअखेरचा रिपोर्ट दोघांच्या सहीने बंद करा. टक्का जीएसटी वगळून झालेल्या विक्रीवर धरायचा. आयोजक रिकामे ग्लास मोजून विक्री ताडतो; फुटलेले, सांडलेले ग्लास वेगळे काढून ठेवा, नाहीतर त्यांचाही वाटा भरावा लागतो.

सौदा कुठलाही असो, कमाईची खरी मर्यादा वेग आहे. टी-ट्वेंटीत डावांमधली सुट्टी २० मिनिटांची. गिऱ्हाइकामागे ३० सेकंद लागले, तर एका खिडकीवर ४० जण. मेनू चार-पाच पदार्थांचा ठेवा, भाव करासकट ५० आणि १०० असे गोल. भरल्या स्टेडियमात मोबाइल नेटवर्क बसतं, तेव्हा सुट्टे पैसे हवेतच. भाव चढवून मंदी भरून निघत नाही. अमेरिकेतल्या अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमने २०१७ मध्ये जुन्या स्टेडियमच्या तुलनेत भाव निम्म्यावर आणले, तेव्हा माणशी खर्च १६ टक्क्यांनी वाढला होता.

गॅसला बहुतेक ठिकाणी आत परवानगी नसते. ३ किलोवॉटची फ्रायर साधारण १३ अँपिअर ओढते; १६ अँपिअरच्या त्याच लाइनवर चहाची किटली लावली की एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो, आणि तो नेमका सुट्टीतच पडतो. दोन स्वतंत्र लाइन लेखी मागा. तळलेले वडे ६० अंशांच्या वर ठेवावे लागतात, म्हणून छोटे घाणे काढा. उरलेला घाणा म्हणजे गेलेला नफा.

जर्सी, टोप्या आणि झेंड्यांना वेगळा न्याय. झेंडे, टोप्या रोखीने घ्या. स्वस्त असतात आणि पुढच्या हंगामातही खपतात. जर्सी मात्र विक्रीनंतर पैसे या बोलीवरच उचला. खेळाडू संघ बदलतो, प्रायोजक बदलतो, आणि माल एका रात्रीत जुना होतो. न खपलेला माल किती दिवसांत परत घेणार आणि वाहतूक कोणाच्या खर्चाने, हे मालाच्या डिलिव्हरी चलनावरच लिहून घ्या.