नौपाड्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान: पानं मोजून घ्या

रिटायर झाल्यावर बाहेरून एम.ए. इंग्रजीला बसलेय. पहिलाच पेपर जुन्या साहित्याचा, म्हणून नौपाड्यातल्या या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक जण आत असला की दुसऱ्याने पायरीवर थांबायचं. काका मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाले, "बेवुल्फ? डावीकडे, गाइडांच्या मागे." आणि खरंच तिथे होतं!

अडीचशेला जाडजूड संकलन मिळालं. ३१८२ ओळींचं अख्खं बेवुल्फ, म्हणजे जुन्या इंग्रजीतलं वीरकाव्य, आजच्या इंग्रजीत, मधेमधे मूळ ओळी. मूळ वाचताना घाम फुटतो, पण समुद्राला 'देवमाशाची वाट' म्हणणारा कवी भेटला की पैसे वसूल. या काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरलीय, तीही १७३१ च्या आगीत कडेने होरपळलेली. आधीच्या कुणीतरी समासात पेन्सिलीने अर्थ लिहिलेत, ती तर फुकटची शिकवणी.

त्याच संकलनातला इंग्रज कवी चॉसर सोपा गेला. यात्रेकरूंच्या गप्पाच त्या, वारीत चालतात तशा. (ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे त्याच्या कँटरबरीच्या गोष्टींच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची. हे मी आमच्या ह्यांना दोनदा ऐकवलं.)

आता तक्रार. त्यातल्याच मार्लोच्या फॉस्टस नाटकाची शेवटची आठ पानं गायब! सैतान दारात येऊन उभा आणि पुढे थेट पुठ्ठा. परत गेले तर काका म्हणतात, "मावशी, जुना माल जसा आहे तसा." बरीच हुज्जत घातल्यावर पन्नास रुपये सुटले. सुटे नव्हते म्हणून दहा अजून बाकी आहेत.