पिकअपला मोठे टायर टाकायचे, मग क्राऊन-पिनियन बदलायचा का तसाच ठेवायचा?

मोठे टायर टाकायचा विचार चालू असंल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, टायरची उंची वाढली की एक्सलचा रेशो (चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती चक्कर मारतो तो आकडा) बदललाच म्हणून समजा, मग तुम्ही डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) खोला नाहीतर नका खोलू. त्यामुळं हिशेब करताना टायरचा खर्च आणि क्राऊन-पिनियनचा, म्हणजे त्या गोळ्यातल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचा, खर्च एकाच कागदावर मांडायचा. दोन्ही मिळून झेपत नसंल तर उंची वाढवायचीच नाही, असं माझं स्पष्ट मत हाय. लई जण आधी टायर घेतात, गाडी ओढंना झाली की मग मिस्त्रीकडं जातात, आणि तवर क्लच प्लेटची वाट लागलेली असते.

आपल्यासमोर रस्ते तीन. एक, उंची कंपनीचीच ठेवायची आणि फक्त नक्षी चांगली असलेला टायर घ्यायचा. दोन, मोठा टायर टाकायचा आणि गिअर कंपनीचाच ठेवायचा. तीन, मोठा टायर आणि सोबत क्राऊन-पिनियन पण बदलायचा. कोणाला कोणता बरा ते सांगायच्या आधी थोडं गणित करू, अवघड नाही, मोबाईलवर दोन मिनिटाचं काम हाय.

टायरवर २१५/७५ आर१५ लिहिलेलं असतं. २१५ म्हणजे मिलिमीटरमधी रुंदी, बाजूची भिंत त्याच्या ७५ टक्के म्हणजे १६१, ती वर एकदा खाली एकदा म्हणून दुप्पट, आणि मधला १५ इंची रिम म्हणजे ३८१. बेरीज झाली ७०४ मिलिमीटरच्या आसपास. आता २३५/७५ आर१५ घेतला तर ७३३, म्हणजे वाढ ४ टक्के. आणि पोरं ज्याच्या मागं लागलेली असतात तो ३१ इंची टायर म्हणजे ७८७, वाढ सरळ १२ टक्के. ४ आणि १२ मधी जमीन अस्मानाचा फरक हाय बरं का, सगळा निर्णय ह्याच आकड्यावर ठरतो.

आता गिअर. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १० असले तर रेशो ४.१०. पिनियनला ११ असले तर ३.७३, ९ असले तर ४.५६. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि पळायला कमी. जुनी विलीस जीप ४.८८ वर चालायची आणि सीजे-३बी तर ५.३८ वर, म्हणून ती जीप कुठंही चढायची पण सडकेवर जरा पळवली की इंजिन ओरडायला लागायचं.

नवा रेशो किती पाहिजे ते काढायचं तर जुना रेशो गुणिले नवी उंची भागिले जुनी उंची. समजा तुमच्या गाडीला ४.१० हाय आणि ७०४ वरून ७८७ वर चाललात, तर उत्तर येतं ४.५८. जवळचा सेट ४.५६ चा. बास, एवढंच गणित.

तुमच्या गाडीला किती रेशो हाय ते मॅन्युअलमधी सापडतं, नाही सापडलं तर गाडी सपाट जागेवर लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूनी दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवरच राहू द्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि उचललेलं चाक बरोब्बर दोन चक्कर फिरवा. तवर दुसऱ्या माणसानं शाफ्टवर खडूची खूण करून किती चक्कर झाल्या ते बाजूनं मोजायच्या, गाडीखाली शिरायचं नाही. चारच्या थोडं वर आल्या तर ४.१०. एक चाक जमिनीवर हाय म्हणून दोन चक्कर, हे ध्यानात ठेवा, नाहीतर आकडा निम्मा येईल.

आता दुसरा रस्ता बघू, कारण सगळे मोहात इथंच पडतात. मोठा टायर, गिअर जुनाच. रिकामी गाडी घेऊन जालन्याहून संभाजीनगरला गेलात तर उलट मजाच वाटते. गिअरबॉक्समधला टॉप गिअरचा रेशो ०.८ धरला तर ८० च्या स्पीडला आधी इंजिन १९८० आरपीएमच्या (मिनिटाला चक्कर) आसपास फिरत होतं ते आता १७७० वर येतं, आवाज कमी, गाडी उंच दिसती, माणूस खुश. पण ४.१० चा एक्सल आता ३.६६ सारखा वागायलाय आणि चाकावर येणारा जोर जवळपास ११ टक्के कमी झालाय, तो कळतो माल भरल्यावर. सोयाबीनचे कट्टे भरून मोंढ्याकडं निघालात, रस्त्यात चढ लागला, टॉपमधी इंजिन बसायला लागतं, टर्बोचा जोर जिथं सुरू होतो त्याच्या खाली आरपीएम जातो, मग चौथा, मग तिसरा, आणि तिसऱ्यात गाडी निवांत चढते पण इंजिन कमी फिरतंय म्हणून डिझेल वाचंल असं जे वाटलं होतं ते राहून जातं. चाळीसगावकडून औट्रम घाट चढून कन्नडला या किंवा मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीनं करून बघा, फरक पायात जाणवतो. आणि उतारावर तर अजून वाईट, कारण गिअरमधी गाडी धरून ठेवायची जी ताकद असते ती पण तेवढीच कमी होते, मग सगळा भार ब्रेकवर.

त्याहून बेकार म्हणजे शेतातलं. आपली काळी माती पावसात कशी होते ते सांगायची गरज नाही. तिथं पहिल्या गिअरमधी हळूहळू बाहेर निघायचं असतं, आणि पहिलाच गिअर लांब झाल्यामुळं गाडी हळू चालंना, मग माणूस अर्ध्या क्लचवर खेळतो आणि क्लच प्लेटचा वास सुटतो. मोठा टायर घेतला चिखलासाठी आणि चिखलातच गाडी आधीपेक्षा नाजूक झाली, असं होतं हे.

पण दुसरा रस्ता सगळ्यांसाठीच चूक हाय असं मी म्हणणार नाही. वाढ ४-५ टक्क्यांच्या आत असंल तर गिअरला हात लावायची काहीच गरज नाही. इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपवाल्यांनी २५५/६० आर१८ वरून २६५/६० आर१८ घेतला तर उंची फक्त १२ मिलिमीटर वाढते, ते काही जाणवत बी नाही. २८५/६० आर१८ घेतला तरी पाच टक्क्यांच्या आतच राहतं. तसंच ज्यांच्या गाडीचा रेशो मुळातच मोठ्या आकड्याचा हाय, टॉपमधी ८० ला पण ओरडते, माल कमी आणि सडकच जास्त, त्यांना थोडा मोठा टायर उलट सोयीचा पडतो. १० टक्क्यांच्या वर गेलात आणि माल पण वाहायचाय, तिथं मात्र दुसऱ्या रस्त्याला माझा नकारच हाय.

आता तिसरा रस्ता. ४.५६ बसवला की ८० ला इंजिन परत १९६५ च्या आसपास येतं, म्हणजे कंपनीनं जिथं ठेवलं होतं जवळपास तिथंच, घाटात ओढ परत येते, पहिला गिअर परत हळू होतो. गाडी चालवायला मोठ्या टायरची वाटतच नाही, आणि हेच पाहिजे असतं. पण काम सोपं नाही, इथं मिस्त्रीचा हात बघूनच गाडी द्यायची. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनंच घ्यायचं, एक जुनं एक नवं कधीच नाही, कारण कारखान्यात ते जोडीनं घासून बसवलेले असतात. सोबत पिनियनचे बेअरिंग, क्राऊनच्या बाजूचे बेअरिंग, ऑइल सील, शिम (पातळ चकत्या) हे सगळं नवं. पिनियन किती आत बसला पाहिजे ते शिमनं ठरतं, आणि दातांमधली फट डायल गेज (बारीक माप दाखवणारं काट्याचं यंत्र) लावून मोजायची, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या एक्सलचा नेमका आकडा मॅन्युअलमधी बघा. मग दाताला रंग लावून फिरवायचं, खूण दाताच्या मधोमध उमटली पाहिजे, टोकाला किंवा मुळाला नाही. ज्या मिस्त्रीकडं डायल गेज नाही आणि जो म्हणतो हातानं हलवून कळतं मला, त्याला नमस्कार करून पुढं जा. सेटिंग चुकली की ५०-६० च्या वर डिफरन्शियल हूंऽऽ असं वाजायला लागतं, आणि हे वाजणं कधीच आपोआप जात नाही, वाढतच जातं.

सेट घेताना अजून एक. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलला वेगवेगळे रेशो असतात, म्हणून भंगार बाजारात दुसऱ्या गाडीचा सेट स्वस्तात मिळतो असं लोक सांगतात. मिळतोही, पण शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरच्या खाचा), क्राऊनची जाडी, बोल्टाची जागा, आतला केज (ज्यावर क्राऊन बसतो तो), सगळं जुळलं तरच बसतो. काही एक्सलमधी तर ठराविक रेशोच्या पुढं केजच बदलावा लागतो. आणि रेशो वाढवताना पिनियनचे दात कमी होतात, पिनियन बारीक होतो, म्हणजे तो जरा नाजूकच. ओव्हरलोड करून झटका देणाऱ्यांनी हे आधी ऐकून घ्या.

नवा सेट बसला की पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं हळू चालवा, थंड होऊ द्या, परत चालवा, असं दोन-तीन वेळा. पहिले ८०० किलोमीटर भारी माल नको, मग तेल बदला, त्यात लोखंडाची बारीक भुकटी आलेली दिसंल. तेल जीएल-५ दर्जाचंच (डब्यावर लिहिलेलं असतं), गिअरबॉक्सचं उरलेलं जीएल-४ ओतायचं नाही, असल्या तिरक्या दातांना ते टिकत नाही.

फोर बाय फोर असंल तर खर्च दुप्पट धरा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलला एकच रेशो लागतो. फक्त मागचा बदलला आणि फोर व्हील लावलं तर पुढची चाकं एका हिशेबानं ओढतात मागची दुसऱ्या, मधी ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारा डबा) ओढाताण होते आणि ती तुटते. टू व्हील पिकअपला फक्त मागचाच एक्सल, म्हणून त्यांना तिसरा रस्ता त्यातल्या त्यात परवडतो.

आता जे गिअर बदलून पण सुटत नाही ते सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. ब्रेक. टायर १२ टक्के उंच झाला की तेवढाच ब्रेक दाबून गाडी कमी थांबते, आणि टायर जड असतो ते वेगळंच. क्राऊन-पिनियन ह्यात काहीच करू शकत नाही. दुसरं टायरची वजन पेलायची ताकद. मालवाहू पिकअपचा कंपनीचा टायर जाड प्लायचा (आतल्या थरांचा), हवा जास्त धरणारा असतो, आणि दिसायला दांडगा टायर कमी पेलणारा पण असू शकतो. टायरवर जो लोड इंडेक्सचा आकडा असतो तो बघा, १०९ म्हणजे एका टायरला १०३० किलो. कंपनीच्या आकड्यापेक्षा खालचा टायर मालाच्या गाडीला कधीच नको. स्टेपनी पण त्याच मापाची घ्यावी लागते, म्हणजे टायर पाच.

मीटर पण बघा. जुन्या गाडीचा मीटर गिअरबॉक्सवरून चालतो, नुसता टायर मोठा केला तर मीटरवर ८० आणि खरा स्पीड ९० च्या जवळ, रेशो पण बदलला की मीटर परत बरोबर येतो. नव्या गाड्यात स्पीड चाकाच्या सेन्सरवरून घेतलेला असंल तर रेशो बदलून मीटर सुधारत नाही, तो वेगळा सेट करावा लागतो. मीटर किलोमीटर कमी दाखवतो म्हणून अ‍ॅव्हरेज पण आहे त्यापेक्षा कमी दिसतं, ते बघून इंजिनला दोष देऊ नका.

आणि आरटीओ. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरचा तपशील आणि गाडी ह्यात फरक पडंल असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मधी हेच कडक सांगितलंय. पिवळ्या पाटीच्या गाडीच्या कागदात टायरचं माप पण येतं, आणि फिटनेस आठ वर्षापर्यंत दर दोन वर्षाला, पुढं दरवर्षी. पासिंगला गाडी उभी राहिली आणि इन्स्पेक्टरनं माप विचारलं तर उत्तर नसतं. अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याला पण हेच कारण पुरतं. रेशो बाहेरून दिसत नाही पण टायर दिसतो, म्हणून दुसरा आणि तिसरा रस्ता ह्या बाबतीत सारखेच.

म्हणून मोंढा, जिनिंग, ऊस, भाजीपाला, असं ज्यांचं पोट गाडीवर चालतं त्यांनी पहिलाच रस्ता धरावा. कंपनीच्याच उंचीत खोल नक्षीचा टायर घ्या, दाताच्या मधी जागा मोकळी असलेला, म्हणजे काळी माती अडकून न बसता फेकली जाते. रुंदी वाढवायच्या भानगडीत पडू नका, चिखलात रुंद टायर वर तरंगतो आणि घसरतो, अरुंद टायर खाली जाऊन घट्ट जमीन शोधतो. आणि मोठ्या टायरनं गाडी लई उंच होते असं वाटतं पण डिफरन्शियलखाली वाढ निम्मीच मिळते, ७०४ वरून ७८७ वर गेलात तरी खाली जागा ४२ मिलिमीटरच वाढली. तेवढ्यासाठी ब्रेक, क्लच आणि पासिंग सगळं पणाला लावायचं का, मला तर पटत नाही.

घरची फोर बाय फोर हाय, शेतात रोज जावं लागतं, दगडधोंड्याची वाट हाय, माल माफक, आणि दोन्ही एक्सलचा खर्च झेपतो, त्यांनी तिसरा रस्ता पूर्ण करावा, अर्धवट नाही. सोबत ब्रेकचं काम आणि अलाइनमेंट पण त्याच वेळी. सुरुवात सेट शोधण्यापासून करा, टायरपासून नाही. दोन्ही एक्सलचे जुळणारे सेट हातात आले, मिस्त्रीनं डायल गेज काढून दाखवला, मगच टायरवाल्याला फोन लावा.