डिस्क आमची, टायर भलत्याचाच

डेंटिंग-पेंटिंगला गाडी टाकली की परत घेताना आपण रंगाची शेड बघतो, काचा वरखाली करून बघतो. डिकीतला गालिचा उचलून खालची स्टेपनी, म्हणजे जादा चाक, कोणी बघत नाही, आणि चोराला तेवढं पुरतं.

आमची गाडी २०१९ची. स्टेपनी कधी रस्त्याला लागलीच नव्हती, नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते. बंपरच्या कामासाठी गाडी पुण्यातल्या एका गॅरेजात काही दिवस राहिली. पुढे साताऱ्याकडे जाताना खंबाटकी ओलांडल्यावर मागचं चाक बसलं. स्टेपनी चढवली, जॅक खाली घेतला, तर तीही चेपली. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, हात फिरवला तर पॉलिशचा काळा थर बोटाला आणि खाली भेगाच भेगा.

सुरूरजवळच्या पंक्चरवाल्याने चाक उलटं करून दाखवलं. "डिस्क तुमचीच आहे साहेब, टायर काढून दुसरा बसवलाय." डिस्क म्हणजे टायर ज्यावर बसतो ती चाकाची धातूची थाळी. आतल्या बाजूला आकडे होते ३४११, म्हणजे २०११ सालचा ३४वा आठवडा. गाडीपेक्षा टायर आठ वर्षांनी म्हातारा! हे चार आकडे बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतात. ती बाजू मुद्दाम खाली ठेवली होती. वरून बघणाऱ्याला ओळखीची डिस्क आणि काळाभोर टायर, शंका यायची कुठून?

गॅरेजमालकाने शांतपणे जॉबकार्ड, म्हणजे गाडी घेताना भरलेला नोंदीचा कागद, पुढे केलं. त्यावर 'स्टेपनी' समोर टिक होती. आणि स्टेपनी तर होतीच की! वर पुढच्या सर्व्हिसिंगला सूट देतो म्हणाला. म्हणजे गाडी पुन्हा त्याच्याच ताब्यात द्यायची. नव्या टायरचे पैसे आमच्याच खिशातून गेले.

गाडी देण्याआधी स्टेपनी बाहेर काढा. टायरची कंपनी, साइज आणि ते चार आकडे यांचा मोबाइलवर फोटो घ्या, आणि जॉबकार्डवर नुसती टिक न करू देता आकडे लिहायला लावा. कटकट वाटली तरी वाटू दे. इनोव्हा, एर्टिगासारखी स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असेल तर वाकून, टॉर्च मारून बघा. परत घेताना तिथेच हवाही तपासायला सांगा. जुना टायर पॉलिशने चकाकतो, पण भेगाळलेला असला तर हवा धरून ठेवेलच असं नाही.