वेगळी रांग की परतीची वेळ?

निपाणी-खानापूरकडून मुलांना खोपोली किंवा बंगळुरूच्या मनोरंजन पार्कात नेणाऱ्यांनी तिकिटाआधीच विचारावं: अपंगांसाठी वेगळी रांग आहे, की परतीची वेळ मिळते, म्हणजे रांगेत न थांबता ठरल्या वेळी परत येऊन आत जायची सोय? व्हीलचेअर असेल तर वेगळी रांग बरी. पायऱ्या आणि कठड्यांची अरुंद वळणं टळतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाची अडचण निराळी. कर्कश आवाज, पुढेमागे खेटून उभी माणसं... त्याला छोटी रांगही सोसत नाही. डिस्नेने अमेरिकेत 2013 मध्ये परतीच्या वेळेची सोय आणली: थांबायचंच, पण रांगेबाहेर, सावलीत. ‘मधे घुसले’ म्हणायला कुणाला जागाच नाही. मला हीच पटते. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहेच. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, जवळ ठेवा. सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमेलाही दर्शनासाठी असं परतीच्या वेळेचं टोकन मिळायला हवं.