ऑपरेशननंतर जेवण सोडलेल्या कुत्र्यासाठी रिकव्हरीचे डबे: कोणता, किती आणि कधी नको

पायोमेट्राचं (गर्भाशयात पू होण्याचं) ऑपरेशन, प्लीहा काढणं, आतड्यात अडकलेली वस्तू काढणं किंवा गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया झाली की घरी आलेला कुत्रा वाटी हुंगतो आणि मान फिरवतो. अशा वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहसा दोनपैकी एक नाव असतं: रॉयल कॅनिनचा रिकव्हरी (१९५ ग्रॅमचा डबा) किंवा हिल्सचा ए/डी (१५६ ग्रॅमचा). दोन्ही उत्तम आहेत आणि पैसे वसूल करणारे आहेत. मात्र मेलेली भूक ते जागी करत नाहीत. थोडीशी भूक परतली की मोजक्या घासांत पुरेसं पोषण पोटात पोचवणं, हे त्यांचं काम.

म्हणून डबा उघडण्याआधी कुत्रा का खात नाही ते शोधा. सारखे ओठ चाटणं, लाळ, कोरडं गिळणं, वाटीपर्यंत येऊन मागे फिरणं ही मळमळ. भूल, वेदनेवरची अफूवर्गीय औषधं आणि मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक या तिन्हींनी ती होऊ शकते. त्यावर मॅरोपिटंटसारखं औषध डॉक्टरांकडून घ्या. ते लागू पडेपर्यंत वाटी पुढे करत राहिलात तर कुत्रा त्या वासाची सांगड मळमळीशी घालतो आणि बरा झाल्यावरही नेमकं तेच अन्न टाळतो. पाठ कमानदार, आडवं होता न येणं, धाप आणि थरथर दिसली तर दुखतंय असं समजा. मेलॉक्सिकॅम (सूज-वेदनेवरचं औषध) चालू असताना उलटी झाली किंवा शी काळी दिसली तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून कधीच देऊ नका.

दोन कारणं फार साधी आहेत, म्हणून ती लक्षात येत नाहीत. गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर वाटीच्या काठावर आपटते आणि तोंड अन्नापर्यंत पोचतच नाही. वाटीऐवजी पसरट ताटली १०-१५ सेंटिमीटर उंचीवर ठेवा किंवा कोणी शेजारी बसणार असेल तर जेवणापुरती कॉलर काढा. दुसरं कारण म्हणजे जेवणात चुरून टाकलेली कडू गोळी. मेट्रोनिडाझोल आणि वेदनेवरचं ट्रॅमाडॉल दोन्ही कडू असतात. गोळी नेहमी वेगळ्या, सुपारीएवढ्या घासातून द्यावी, मुख्य जेवणातून नाही.

आता डब्यांकडे. रिकव्हरी फेटलेल्या क्रीमसारखा मऊ आहे, जिभेवर लगेच पसरतो, थोडं कोमट पाणी घोटलं की सिरिंजमधून सहज जातो. ए/डी किंचित घट्ट, पण वासाला तितकाच दमदार. दोन्हींत ग्रॅममागे साधारण १ ते १.२ किलोकॅलरी मिळतात. साध्या ग्रेव्हीच्या पाऊचमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे पाऊच चाटूनपुसून संपवला तरी मोठ्या कुत्र्याच्या पोटात फारसं काही गेलेलं नसतं. पामेरियन किंवा पगसारख्या लहान जातींसाठी ए/डी बरा, कारण डबा लहान आणि वाया कमी जातं. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डला रिकव्हरी सोयीचा.

किती द्यायचं, इथे घरोघरी गोंधळ होतो. मध्यम वजनाच्या कुत्र्याची विश्रांतीतली दिवसाची गरज काढायला वजनाला ३० ने गुणा आणि ७० मिळवा. २० किलोच्या कुत्र्याचं उत्तर ६७० किलोकॅलरी, म्हणजे रिकव्हरीचे जवळजवळ ३ डबे. पण पहिल्या दिवशी हे सगळं द्यायचं नाही. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, म्हणजे एक डबा. दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश. तिसऱ्या दिवशी पूर्ण. दिवसाचा वाटा ४ ते ६ वेळांत विभागा. उपाशी आतड्यावर एकदम भरपूर घातलं की उलटी आणि जुलाब ठरलेले. ऑपरेशनच्या आधीपासून ५-६ दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला तर याहून हळू न्यावं लागतं. अचानक अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम कोसळू शकतं, म्हणून ते काम रक्त तपासत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.

वाढताना लागेल तेवढाच भाग वाटीत काढा, ती वाटी ५ मिनिटं गरम पाण्यात ठेवा, ढवळा आणि मनगटावर लावून बघा. अंगाएवढं कोमट, ३७-३८ अंश, एवढं पुरे. फ्रिजमधलं गार अन्न वासच सोडत नाही, आणि आजारी कुत्रा आधी नाकाने जेवतो. १५-२० मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचला. उरलेलं झाकणाच्या काचेच्या डब्यात, फ्रिजमध्ये, जास्तीत जास्त २ दिवस. फ्रिजबाहेर राहिलेलं, विशेषतः पावसाळ्यात, परत देऊ नका.

सिरिंजने भरवायचं तर डोकं वर न करता, गालाच्या खोबणीत, एका वेळी १-२ मिलिलिटर, आणि गिळल्याचं दिसल्यावरच पुढचं. कुत्रा गुंगीत असेल, खोकत असेल किंवा तोंड ओढून घेत असेल तर थांबा. श्वासनलिकेत गेलेलं अन्न उपासापेक्षा कितीतरी घातक.

हे डबे सगळ्यांसाठी नाहीत, आणि दुकानदार हे सांगेलच असं नाही. दोन्हींत चरबी भरपूर असते. स्वादुपिंडाला सूज असेल किंवा पूर्वी येऊन गेली असेल तर दोन्ही बाद. तिथे कमी चरबीचं, पोटाच्या विकारांसाठीचं अन्न लागतं. मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर त्यांतल्या जास्त प्रथिनांबद्दल आधी विचारा.

खर्चाचं बोलायचं तर एका डब्याला काही शे रुपये पडतात, आणि मोठ्या कुत्र्याला दिवसाला तीन म्हणजे खिशाला जड. यावर चांगला मार्ग म्हणजे घरचं चिकन-भात आणि वरून पाव डबा. २० किलोच्या कुत्र्याच्या पहिल्या दिवसासाठी फक्त घरचंच द्यायचं झालं तर ८० ग्रॅम शिजवलेलं बोनलेस चिकन आणि ७० ग्रॅम मऊ भात मिळून साधारण २२० किलोकॅलरी होतात. मीठ, मसाला काही नको. कांदा-लसूण तर अजिबात नाही. घरच्या रश्शातला तोच कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि तयार सूप क्यूबमध्येही बहुधा तो असतो. फार नखरे असतील तर उकडलेल्या चिकन लिव्हरचा लहान तुकडा किसून वर भुरभुरा. हे जेवण ५-६ दिवसांपुरतं ठीक, त्यात पुरेसं कॅल्शियम नाही. ज्या घरात मांस शिजत नाही, तिथे डबा हीच खरी सोय आहे.

पुण्यात कोथरूड, औंध, कल्याणीनगरच्या मोठ्या पेट शॉपमध्ये विचारा, पण आधी फोन करून, कारण हे डबे नेहमी शिल्लक असतातच असं नाही. ऑपरेशनची तारीख ठरली की दोन डबे आणून ठेवा. मुदत आणि पोचा बघून घ्या. अख्खा खोका घेऊ नका, चव पसंत पडेल याची खात्री नसते. गणपतीत ऑपरेशन झालं असेल तर ढोल-ताशा सुरू होण्याआधी पहाटे आणि मिरवणूक शांत झाल्यावर रात्री, आतल्या खोलीत वाढा; घाबरलेला कुत्रा भूक असूनही खात नाही.

भूक वाढवणारी औषधंही आहेत. मिर्टाझापिन माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं, पण ट्रॅमाडॉल चालू असताना ते जपून द्यावं लागतं, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको.

३-४ दिवस शी झाली नाही तर घाबरू नका, पोटात काही नसतंच. पण वारंवार उलटी, फुगलेलं पोट, फिक्या हिरड्या किंवा ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आतड्याच्या ऑपरेशननंतर तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत नाजूक. आतले टाके सुटण्याचा धोका तेव्हाच जास्त, आणि खाऊ लागलेल्या कुत्र्याने अचानक जेवण सोडणं ही त्याची पहिली खूण असू शकते. उपास, ऑपरेशनच्या आधीचा धरून, ३ दिवसांवर गेला आणि गरजेच्या निम्मंही पोटात जात नसेल, तर मानेतून अन्ननलिकेत बसवायच्या नळीबद्दल स्वतःहून विचारा. छोटी भूल देऊन ती बसते, नळी असतानाही कुत्रा तोंडाने खाऊ शकतो, आणि हेच दोन डबे पाणी घालून, गाळून तिच्यातून व्यवस्थित जातात.