हाडाचं नर्सिंग पक्कं, किडनीचं कच्चं: सांगलीतल्या एका ब्युरोची घरपोच सेवा

विश्रामबागच्या बाजूच्या, घरी सिस्टर पाठवणाऱ्या एका ब्युरोची सेवा आहे ही. नाव मुद्दाम लिहीत नाही. या धंद्यात सिस्टर आज इथे तर उद्या दुसरीकडे, त्यामुळे पाटी बघण्यापेक्षा हात बघितलेला बरा. पेशंट म्हणजे सत्तरीतल्या आजी. आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिस, डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी ऑपरेशनने जोडून केलेली जागा), आणि त्यात उजवा खुबा मोडून अर्धा सांधा बदललेला. बारा-बारा तासांच्या दोन सिस्टर.

हाडाच्या बाजूने तक्रारीला जागा नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, तेही कंबर आणि पाय एकाच वेळी, ओंडका फिरवावा तसं. दोन्ही पायांमध्ये जाड उशी, पोटरीखाली दुसरी, म्हणजे टाच गादीला टेकतच नाही. टाचेची जखम किती लवकर होते आणि भरायला किती महिने घेते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या एका उशीची किंमत कळेल. एअर मॅट्रेसची हवा दिवसाची सिस्टर रोज हाताने तपासायची: फुगलेल्या कप्प्यांच्या खाली तळहात सरकवायचा, बरोबर माकडहाडाखाली. बोटांना हाड लागलं तर पंपाची नॉब वाढवायची. मात्र वर घरच्यांनी मायेने दुहेरी गोधडी अंथरली होती, ती काढायला तिला चार दिवस लागले. गोधडी घातली की मॅट्रेसचे पैसे पाण्यात.

कमोडची खुर्ची उंच, बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील अशी. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. मिरजेला जाताना रिक्षा नाही, कारण वाकून चढावं लागतं. गाडीची पुढची सीट पूर्ण मागे सरकवलेली, पाठ कलती, खाली घट्ट उशी. आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. हे सगळं न सांगता होत होतं.

किडनीकडे वळलो की चित्र पालटतं. पहिल्याच सकाळी बीपीचा पट्टा डाव्या दंडावर. फिस्टुलाच्या हाताला बीपी नाही, सुई नाही, सलाईन नाही, घट्ट बांगडीही नाही. हे नर्सिंगच्या पुस्तकातलं आहे, तरी पलंगाच्या डोक्याशी कागद चिकटवावा लागला. फिस्टुलावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती सकाळ-संध्याकाळ तपासून लिहायची. लागली नाही तर रक्ताची गुठळी झाली असं धरायचं आणि त्याच मिनिटाला डायलिसिस युनिटला फोन करायचा. तास गेले तर फिस्टुला हातचा जातो. बीपी उतरलेलं असताना ही भीती जास्त. दुसरी चूक बारीक, पण वाईट: उठवताना सिस्टर डावा दंड आवळून ओढायची. कमरेला पट्टा बांधून तो धरला की हात मोकळा राहतो.

हाड आणि किडनी जिथे एकत्र येतात, तिथे खरी परीक्षा. व्यायामानंतर दुखलं की रात्रीच्या सिस्टरच्या पिशवीतून डायक्लोफिनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी निघायची. आजींना थोडी लघवी होते. उरलीसुरली किडनी अशा गोळ्यांनीच जाते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पॅरासिटामॉल होतं, तेवढंच द्यायचं. पडून राहिल्यामुळे बद्धकोष्ठता झाली, तर मिल्क ऑफ मॅग्नेशिया सुचवलं गेलं. मॅग्नेशियम किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणजे इथे ते साचणार. फॉस्फेटच्या एनिमाचंही तेच. लॅक्टुलोज चालतं, तेही विचारूनच.

फॉस्फरस बांधणारी गोळी सकाळी आठला बाकीच्या गोळ्यांबरोबर उपाशीपोटी जात होती आणि जेवण एकला. ती गोळी पोटातल्या अन्नातलाच फॉस्फरस धरते, म्हणून जेवणाच्या घासांबरोबरच हवी. महिनाभर अशी दिली तर रिपोर्ट बिघडतो, हाडं आणखी ठिसूळ होतात, आणि दोष ऑपरेशनला लागतो.

पाण्याचं रजिस्टर नीटनेटकं, पण त्यात फक्त पाणी. आमटी, ताक, चहा कुठेच नाही. आजींना दिवसाला 1 लिटरची मुभा, आणि 1 लिटर म्हणजे वजनात 1 किलो. सोपी युक्ती अशी: सकाळी लिटरची बाटली भरून ठेवायची, जे काही प्यायलं तेवढंच माप बाटलीतून ओतून टाकायचं. बाटली संपली की दिवस संपला. भेटायला येणारे शहाळं आणतात, तासगावचा बेदाणा आणतात. 100 ग्रॅम बेदाण्यात साधारण 750 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं; दोन डायलिसिसमधल्या मोठ्या खाड्यात ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. सिस्टरने पाहुण्यांना अडवायला हवं होतं, ती मुठीने वाटत होती. ‘लो सोडियम’ मीठही स्वयंपाकघरातून काढायला लावा, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

सांगितल्यावर मात्र दोघीही लगेच शिकल्या, एकीने तर वहीत उतरवून घेतलं. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी व्यायाम नाही, आणि उठण्याआधी पलंगाच्या कडेला पाच मिनिटं पाय सोडून बसायचं, हे त्यांनी पुढे स्वतःहून पाळलं.

नुसत्या फ्रॅक्चरसाठी 5 पैकी साडेचार. डायलिसिस असेल तर 3, आणि पहिले तीन दिवस घरातलं कुणीतरी शेजारी हवंच. ब्युरो सुट्टीला बदली सिस्टर देतो, पण आधीची तिला काहीच सांगून जात नाही. बदली आली की रजिस्टर तिच्या हातात द्या, आणि फिस्टुला कुठल्या हाताला ते कागद न बघता तिच्याकडून वदवून घ्या.